टायरची हवा

आमची कॅम्पर व्हॅनची ट्रिप सांगितली का तुम्हाला? दोन हजार तीनची गोष्ट. मित्राची जुनी व्हॅन घेऊन मी, सुनंदा आणि आमची लहान मुलगी कतारमध्ये अल खोरच्या पुढे किनाऱ्याने निघालो, आणि भर दुपारी वाळूत रुतलो. मोबाइलला रेंज नाही, पाणी संपत आलेलं.

तासाभराने एक म्हातारा कतारी जीपमधून उतरला आणि थेट आमच्या टायरची हवा सोडायला लागला.

“अहो, हा काय करतोय!” म्हणत सुनंदा त्याच्यावर हिंदीतून तुटून पडली.

चारही टायरची हवा कमी करून तो म्हणाला, “यल्ला, चलाओ.”

पसरट झालेल्या टायरांनी वाळू पकडली आणि व्हॅन अलगद बाहेर आली! पुन्हा हवा भरायला पंपापर्यंत तो सोबत आला. सुनंदाने डोळे पुसत गुळपोळ्यांचा अख्खा डबा त्याच्या हातात ठेवला.

तो हसला. “मॅडम, गुस्सा खलास?”