वहीतला ‘वास नाही’

घाटकोपरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. पूर्वी अशा ठिकाणी माझी बायको सोबत असायची. शेजारी एक नवरा-बायको बोलत होते.

“अहो, डॉक्टरांना खरं सांगा. सर्दी झाल्यापासून सहा महिने वासच येत नाही म्हणून.”

“हळू बोल गं. आमच्या केमिकल कंपनीतलं कोणी असलं तर?”

“असू दे. काम काय तुमचं? कुंपणाभोवती फिरायचं, वास घ्यायचा, वहीत लिहायचं.”

“लिहितो ना रोज. वास नाही.”

“वास नाही की नाक नाही?”

“वने, गेटवर बोर्ड लागलाय. सहा महिने दुर्गंधी शून्य. साहेबांनी माझा सत्कार केला.”

“आणि पलीकडच्या चाळीत सगळी खोकतायत.”

“मी मुद्दाम नाही गं केलं. मला वाटलं, खरंच सुधारलं.”

“काल करपलेली डाळ झकास म्हणालात, तेव्हाच मला कळलं.”

“साहेबांना सांगितलं तर घरी बसवतील.”

“गुणाजी मेस्त्री!” आतून हाक आली.

“तू पण चल ना.”

“येते. आणि उद्या कुंपणाशीही येते. वास मी घेते, येईल तो तुम्ही लिहा.”