दोन्ही ओलांडे

(ओझरजवळची द्राक्षबाग, सकाळची वेळ. बहिरू छाटणीवाला, त्याची बायको कुसाबाई आणि नाशिकहून आलेली फिजिओथेरपिस्ट सरिता.)

बहिरू : कुणाचा विश्वास बसणार नाय, तुमचाबी बसणार नाय मॅडमबाई, पण ही अख्खी ओळ मी काल जेवणाच्या आत छाटली. एकट्यानं! लकवा होऊन तीन महिने नाय झाले, अन् कात्री अशी चालली का ओझरचं विमान वर थांबून बघत होतं.

सरिता : विमान थांबलं?

बहिरू : थांबलं म्हंजे! पायलटनं खिडकीतून हात केला.

सरिता : कुठल्या बाजूच्या खिडकीतून?

बहिरू : उजव्या. डावीकडं खिडकीच नव्हती त्याला.

सरिता : तात्या, विमान जाऊ द्या. या कागदावर रेघ आहे. तिच्या बरोब्बर मधे खूण करा.

बहिरू : यासाठी कॉलेज शिकलात? आमची शेळीबी करील. ही घ्या.

सरिता : ही तर पार उजव्या टोकाला झाली.

बहिरू : तुमची रेघ तोकडी, त्याला मी काय करू?

सरिता : बरं, चहा घ्या. तुमच्या डाव्या हाताशी ठेवलाय.

कुसाबाई : अवो, हिकडं! कप हितं हाय, तुम्ही नुसती हवा धरली.

बहिरू : तूच सरकवला. चाळीस वर्षं माझ्या मागं छाटल्या काडीला औषधाची पेस्ट लावत फिरती, अजून एक कप धड ठेवता येत नाय.

कुसाबाई : बरं बाबा, मीच सरकवला.

सरिता : मावशी, कप जागचा हलला नाही.

कुसाबाई : मी म्हंते ना सरकवला! तुम्ही पुढचं विचारा.

सरिता : पुढचं सांगतेच. तात्या, डोळे तुमचे ठणठणीत आहेत. मार मेंदूच्या उजव्या अंगाला बसलाय. त्यामुळं डावीकडंही काही असतं, हेच तुमच्या मनात येत नाही. आणि आलं, तरी हाताचा नेम चुकतो. काडी धरलेल्या बोटावरच कात्री चालली तर?

बहिरू : मनात येत नाय! मशीनमधी डोकं घातलं अन् मशीननं माझं मन वाचलं. कुसे, ऐकलं का? अगं, मी डोळे बांधून छाटणी केलेली हाय, तीबी पैजेवर. तुम्ही फकस्त टोळीच्या ठेकेदाराला, रविराजशेठला, 'हो, कामाला चालंल' असं कळवा. तुमच्या शब्दावर अडलंय त्याचं. 'हो' म्हटलं का उद्या टोळी माझ्या हाताखाली दिंडोरीला निघाली. 'नाय' म्हटलं तर मी ओट्यावर बसून माश्या मारायच्या का?

सरिता : मला एकच कोडं पडलंय. वेलीला दोन ओलांडे, म्हणजे दोन हातच. एक डावीकडं, एक उजवीकडं. तुमचा डावा ओलांडा सुटायला हवा होता. इथं तर दोन्ही छाटलेत.

बहिरू : कोडं सुटायला अक्कल लागती. ती काय नाशकात बाटलीत मिळत नाय.

कुसाबाई : त्यांनीच छाटले, मॅडम. पेस्टचा डबा घेऊन मी मागंच होते ना. 'हो' लिहा तुम्ही.

सरिता : तात्या, ओळीच्या पलीकडं येता? तिकडून बघितलं की डावा ओलांडा तुमच्या उजवीकडं येईल.

कुसाबाई : कशाला आता? ऊन चढलंय. त्यांना गोळी द्यायची हाय.

बहिरू : सरक बाजूला. यांना एकदा दाखवतोच, छाटणी कशाला म्हंतात ते... हां, आलो. विचारा.

सरिता : उजवीकडचा ओलांडा बघा. कसा वाटतो?

बहिरू : हा कुणी बिघडवला?

सरिता : का?

बहिरू : काडी पार चेंबटली ना! फुटायचा डोळा कुठं, काप कुठं! मधी बोटभर खुंट ठेवलाय, काय कपडे वाळत घालायचेत? कोण गडी होता, कुसे? असल्याला बांधावरबी उभा करू नये. आजच हाकला त्याला.

कुसाबाई : असंल कुणी गडी. चला आता घरी.

बहिरू : पुढच्या वेलीलाबी तेच. त्याच्या पुढच्यालाबी.

सरिता : तात्या, ओळ तर एकट्या तुमचीच ना?

बहिरू : थांबा जरा तुम्ही. कुसे, हिकडं ये. हात दाखव.

कुसाबाई : काय नाय त्याला. पेस्टनं पोळलाय.

बहिरू : पेस्टनं सगळा पंजा पोळतो. हा फोड नेमका अंगठ्याच्या बुडाला हाय, कात्रीचा दांडा रुततो तिथं.

कुसाबाई : चला, गोळी घ्या आधी.

बहिरू : खोटं बोलती तू, कुसे. मी अर्धीच छाटली.