तिसऱ्या ड्राइव्हवरचा फोटो

मी, वल्लरी ढुंढिराज पाटणकर, वय ३६ वर्षे, धंदा नोकरी, अंबड येथील कारखान्यात हिशेब विभाग, रा. जेल रोड, नाशिकरोड. पोलीस ठाण्यात समक्ष येऊन जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व माझे वडील ढुंढिराज, वय ७३, असे दोघे राहतो. वडील एकलहरे वीज केंद्रातून निवृत्त झाले आहेत. आई सरोजिनी गेल्या वर्षी वारली. भाऊ आल्हाद सिडकोत राहतो.

वडिलांना फोटोंचा भारी नाद. मूळ फोटो तीन हार्ड ड्राइव्हवर आहेत. लॅपटॉपमध्ये फक्त कॅटलॉग आहे, म्हणजे प्रत्येक फोटोची लहान प्रत आणि मूळ फोटो कुठल्या ड्राइव्हवर आहे त्याची नोंद. सगळे एका छपराखाली ठेवू नये, आग लागली तर काहीच उरत नाही, ही त्यांची वीज केंद्रातली शिस्त. म्हणून एक ड्राइव्ह घरी, एक आल्हादकडे आणि तिसरी त्यांनी कुठेतरी ठेवली. कुठे, ते कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वर्षभरात त्यांचा विसराळूपणा फार वाढला आहे.

रविवारी आईचे वर्षश्राद्ध आहे. फ्रेमवाल्याला मोठा फोटो हवा होता. आज सकाळी कॅटलॉगमधला आईचा फोटो उघडला, तर ‘मूळ फाइल सापडत नाही, ड्राइव्ह जोडा’ असे आले. आईचे सगळे चांगले फोटो तिसऱ्या ड्राइव्हवर. वडिलांना विचारले. ते “थांब, सांगतो” म्हणाले आणि पडद्याकडे बघत बसले. मला कामावर जायची घाई होती. मी म्हणाले, “बाबा, गावभरचे फोटो जपलेत आणि आईलाच हरवलंत.” मी डबा घेऊन निघाले.

संध्याकाळी आले तर दाराला कुलूप. त्यांचा मोबाइल आत वाजत होता. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या चिमणाबाईंनी दुपारी त्यांना रिक्षात बसताना पाहिले. “काका, एवढ्या उन्हाचं कुठं?” असे विचारल्यावर ते “सरोजिनीला घेऊन येतो” म्हणाले. चिमणाबाई मला म्हणाल्या, “ताई, लय भ्या वाटलं वं मला. हाक मारली, पण रिक्षा काय थांबली नाय.” हे ऐकले आणि मी लगेच आल्हादला फोन केला. आल्हाद एकलहऱ्याच्या जुन्या वसाहतीत जाऊन आला. तिथे ते गेलेले नाहीत. इगतपुरीला आईचे माहेर होते. तिथे आता कोणी राहत नाही, तरी स्टेशनवर चौकशी व्हावी अशी विनंती आहे.

वर्णन : रंग सावळा, बांधा सडपातळ, पांढरी दाढी, अंगात फिकट निळा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. माझा कोणावर संशय नाही. घरात भांडण झाले का, असे मला विचारले. सकाळी मी जे बोलले ते वर सांगितले आहे. ते बोलायला नको होते.

पोलिसांनी वडिलांचा स्पष्ट फोटो मागितला. आधार कार्डावरचा दाढी नसतानाचा आहे. माझ्या मोबाइलमध्ये ते कुठेच धड नाहीत. सगळ्यांचे फोटो तेच काढायचे, त्यांचा काढायचे कोणाला सुचले नाही. कॅटलॉगमध्ये एक सापडला. आईने काढलेला आहे, कोपऱ्यात तिचे बोट आले आहे. त्याची लहान प्रत सोबत दिली आहे. मोठी केली की चेहरा फुटतो. हवालदार म्हणाले, मूळ फोटो आणा. तो तिसऱ्या ड्राइव्हवर आहे. ती कुठे आहे, ते फक्त बाबांना माहीत आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, खरा आहे. मला घरी जायला सांगितले आहे, पण मी बाहेर बाकावर बसणार आहे.