पाहुण्यांसमोर म्हणालो, पोरगी चेष्टा करते

चूक माझीच हो, आधी तेच सांगतो, मग बाकीचं. आम्ही मूळ नांदेडकडचे, आजोबा निजामाच्या काळात इकडं हैदराबादला आले आणि आम्ही काचीगुड्याचे झालो. स्टेशनजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बुकिंग बघतो. एकच मुलगी, जान्हवी. तिनं बीएला मानसशास्त्र घेतलं, एमएलाही तेच. मी मात्र मराठी मंडळात सगळ्यांना सांगायचो, कम्प्युटर करते. का, तर लोक विचारतील, घरात कोणाला डोक्याचं काही आहे का, आणि मग स्थळं कुठून येणार.

आलं एक स्थळ. पुण्याची माणसं, मुलगा इथंच आयटीत. पोहे खाताखाता त्यानं विचारलं, कोडिंग कशात करतेस. ही सरळ म्हणाली, मी मानसशास्त्र शिकते, मला शाळेत समुपदेशक व्हायचंय. मुलाची आई म्हणाली, अगंबाई, म्हणजे वेड्यांत? आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी हसून म्हणालो, चेष्टा करते हो ती. जान्हवीनं रिकाम्या बशा उचलल्या आणि आत गेली.

स्थळ गेलं, त्याचं काही नाही. पण त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी कॉलेजचं एक अक्षर बोलेना. बाबा, जेवायला चला, एवढंच. आधी किती सांगायची, एक मैत्रीण दवाखान्यात लागली, एक कंपनीत माणसं निवडते, एकजण वाचताना अडखळणाऱ्या लेकरांना शिकवतो, आणि मी मोबाईल बघत नुसतं हूं हूं करायचो. तिची आई म्हणाली, उद्या तुमच्या बुकिंगला कोणी चेष्टा म्हटलं तर?

जान्हवीला जामबागच्या एका शाळेत नोकरी लागली, तेही मला तिच्या आईकडूनच कळलं. पालकांची सभा होती तेव्हा मी न सांगता गेलो, मागं बसलो. एक बाप उठला, म्हणाला, मेरी बच्ची पागल थोडीच है मॅडम, अभ्यासाला बसवलं की रडती, नाटकं नुसती, तुमच्याकडं कायकू पाठवू? जान्हवी शांतपणे म्हणाली, साब, नका पाठवू, पण आजपासून तिला नाटक म्हणू नका, आधी तेवढं करा. तो बाप खाली बसला. माझीही मान खाली गेली. त्याला निदान तोंडावर ऐकवलं, मला तेवढंही नाही.

तेव्हाच ठरवलं, खोटं चारचौघांत बोललो, तर खरंही चारचौघांतच बोलायचं. यंदा मंडळाच्या गणपतीत आरती झाली आणि मी माईक मागितला. लोकांना वाटलं, जेवणाची सूचना असेल. मी सांगितलं, माझी मुलगी कम्प्युटर शिकलेली नाही, मानसशास्त्र शिकली आहे, शाळेत समुपदेशक आहे, मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलत आलो. जान्हवी आईजवळ उभी होती, हातात खिरापतीचं ताट. पुढचं बोलताना माझा आवाज बसला. मागून कोणी ओरडलं, अहो, ऐकू येईना, जोरात बोला.

मग जोरात बोललो. जान्हवी, तू चेष्टा करत नव्हतीस. माझं चुकलं पोरी, मला माफ कर.