रविवारचा अंगठा

हॅलो?… हो, मीच… कोण, काकू होय. बोला ना… छे, कामात कसला. ऑफिसच्या आवारात गाडी लावतोय… हो, तीच. काकांचीच.

चालतेय ना, छान चालतेय. एवढीशी आहे, कुठेही मावते. आमचे साहेब त्यांची ती लांबलचक गाडी घेऊन दहा मिनिटं मागे-पुढे करत बसतात, तोवर माझा चहासुद्धा होतो… नाही हो, त्रास कसला…

काय?… दुरुस्तीचे पैसे?… तुम्ही देणार?… अहो, मला कशाला… ऐका ना… काकू, ऐका तर. व्यवहार झाला, दोन महिने झाले, गाडी माझ्या नावावर झाली. आता कसले पैसे?… तुमचा भाऊ म्हणाला, फसवणूक झाली? कुणाची, माझी?… तुम्ही मला काय फसवणार, काकू. काका गेल्यावर गाडी विकायला काढलीत, तुम्हाला बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नव्हतं… हो, आठवतंय ना. घाईत काकांच्या चपला घालून खाली आला होतात.

हो… हो, म्हणालो होतो. चारही चाकांनी ओढायची गाडी, पण मागचीच फिरतात, पुढची ओढत नाहीत… तेही म्हणालो. "ही गाडी पाच-सहा वर्षांत चिखलात गेलेलीच नाही"… शब्द न् शब्द लक्षात ठेवलात की.

आता कसं सांगू. यंत्र आहे ते. किती वर्षं बंद होतं ते छातीठोक कोण सांगणार… हो, माझा धंदाच आहे तो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि विमा कंपनीला खोट काढून द्यायची. सतरा वर्षं… म्हणून विश्वास ठेवलात. हं.

पण तुम्ही हे आज का विचारताय?… कोणते रविवार?

ऐकतोय. बोला… काका सकाळी सहाला निघायचे… टेकडीवर जातो म्हणायचे… वाट सगळी चिखलाची… आणि जेवायच्या वेळेला परत. हं… गाडी चिखलात जात नव्हती, मग माणूस कुठे जात होता… काकू, असं मनात आणू नका. मी म्हणालो म्हणजे काही… अहो, त्या वयात, तुम्हीच सांगितलेल्या त्या गुडघ्यांनी… कोण शिवणवाल्या बाई?… त्यांचंही दुकान रविवारी बंद असतं, म्हणून?… काकू, रविवारी निम्म्या गावाची दुकानं बंद असतात.

काय केलंत?… काकांचा फोटो भिंतीकडे तोंड करून?… कधीपासून?

नाही. त्या बाईंना फोन नका करू. आत्ता तर मुळीच नको… नंबर काढून ठेवलाय?… थांबा. मी सांगतो. जरा काच वर करू द्या, वॉचमन कान देऊन उभा आहे.

काकू, गाडी चांगली होती… चारही चाकं ओढतात. तेव्हाही ओढत होती… नाही, मी नाही दुरुस्त केली. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. या जुन्या गाड्यांना पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती असते, बिस्किटाएवढी. चिखलात घालायच्या आधी खाली उतरून ती हाताने फिरवायची. मग पुढची चाकं कामाला लागतात. मी फिरवलीच नाही… माहीत नव्हतं… हो, सतरा वर्षं. आणि मला शिकवलं कुणी, तर पंक्चरवाल्याने. म्हणाला, "साहेब, हे काय शोभेला आहे?"

दुसऱ्याच आठवड्यात… म्हणजे हो, तेव्हापासून ठाऊक आहे… का नाही सांगितलं… काय सांगू. पन्नास हजार पाडून घेतले होते मी, त्या पुढच्या दोन चाकांच्या नावावर. भाव कसा पाडावा त्याचा मेहुण्याला क्लास घेऊन झाला होता. रोज म्हणायचो, उद्या फोन करू. आणि आज तुमचंच नाव दिसलं तर तीन वेळा वाजू दिला. ते "कोण, काकू होय"… तेही खोटंच होतं.

समजूत नाही काढत… खरंच सांगतोय… शपथ? घेतो की. पण माझ्या शपथेला आता काय किंमत, ते तुम्ही म्हणताय तेही बरोबरच.

थांबा. एक सांगा मला. रविवारी परत आल्यावर काकांच्या उजव्या अंगठ्याला काही लागलेलं असायचं?… अंगठ्याला, हो… मला कसं ठाऊक असणार, मी त्यांना पाहिलंही नाही कधी. माझा सोललाय म्हणून विचारतो. ती चकती भारी कडक आहे. अंगठा लावून जोर करावा लागतो, तेव्हा आतल्या बाजूला, पेराच्या जरा वर… हो. तिथेच… तिथेच, काकू.

दर रविवारी?… आणि विचारलं की काय म्हणायचे?… "गाडीचंच काहीतरी"… तेच हो. तेच ते… मलम तुम्हीच लावायचात.

हॅलो?… काकू?… आहात ना?

असू दे. सावकाश. मी आहे इथेच.

…

हो, करा. आधी फोटो सरळ करा. मी धरतो फोन.

…

झालं?… बरं.

पैसे आणून देतो… हो, पन्नासच्या पन्नास. नाही, तुम्ही मागताय ते बरोबरच आहे… या रविवारी? चालेल. सहाला दाराशी येतो… टेकडीवर, हो. अगदी वरपर्यंत… भाऊ कशाला?… बरं, आणा. मागे बसवू. मागची सीट फळीसारखी आहे, मला फसवलं म्हणाल्याची तेवढीच शिक्षा.

काय?… मलमाची अर्धी ट्यूब?… त्यांचीच?… नको, काकू. मला नको ते… नाही, आता दुखत नाही… खरंच नाही… बरं. द्या.

हो, ठेवतो… नाही, आधी तुम्ही ठेवा.