स्लाइडची शेपटी

मंगळवार होता, सकाळचे अकरा. आकडा शेहेचाळीस हजार, आणि लॅबमध्ये मी एकटा. हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणावर ढकलायला नको.

मी मूळचा हडपसरचा. आमच्या रानात आता सोसायट्या आहेत. वडिलांना वाटायचं पोरानं पांढरा कोट घालावा, डॉक्टर होण्याइतके मार्क नव्हते म्हणून लॅब टेक्निशियन झालो, त्याला एकतीस वर्षं झाली. बायको म्हणते, भाजीवालीनं दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी यांना झोप लागत नाही.

तर काय सांगू तुम्हाला, मशीननं प्लेटलेट फार कमी दाखवल्या की आम्ही रक्ताचा थेंब काचेवर पसरतो, रंग देतो आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजतो. दहा जागा बघायच्या, सरासरी काढायची, पंधरा हजारांनी गुणायचं. पण त्याआधी स्लाइडची शेपटी बघायची, म्हणजे थेंब पसरत पसरत जिथं संपतो तिथं. कधी कधी नळीतल्या औषधानं प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, शेपटीत जाऊन बसतात, आणि मधे मोजाव्यात तर कमी भरतात. हे मीच इतरांना शिकवलंय. त्या दिवशी मी आधी मधेच मोजल्या. दहा जागांत एकतीस. गुणाकार शेहेचाळीस हजार पाचशे. मशीनचं आणि माझं जुळलं, आणि आकडा जुळला की मला इतकं बरं वाटतं, की मी शेपटीकडे गेलोच नाही. सही केली.

मुलगी विश्रांतवाडीची, सत्तावीस वर्षांची, ठणठणीत. लग्न ठरलेलं, कर्वेनगरच्या स्थळानं दोन्हीकडचे रक्ताचे रिपोर्ट मागितलेले, हल्ली पत्रिकेसोबत हेही बघतात. फॉर्मवर मुलीच्या वडिलांनी मुलाच्या आईचाच मोबाइल नंबर दिला, म्हणाले, आमच्यात लपवायचं काय आहे. रिपोर्ट थेट तिकडे गेला.

तिकडून फोन गेला, आणि संध्याकाळी मुलीचे वडील आले. अहो, प्लेटलेट एवढ्या कमी असत्या तर अंग काळंनिळं झालं असतं, पोरीच्या अंगावर साधा डाग उठत नाही म्हणाले. मी स्लाइड पुन्हा लावली आणि शेपटीकडे गेलो. तिथं ढीगच्या ढीग. दुसऱ्या दिवशी वेगळं औषध असलेल्या, निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं, दोन लाख अडतीस हजार भरल्या. माझी चूक माझ्या हातानं लिहून दिली आणि दोन्ही घरांना लॅबमध्ये बोलावलं.

मुलाच्या आईनं दोन्ही कागद शेजारी ठेवले. म्हणाल्या, एका रात्रीत पाचपट, आमच्या एफडीला शिकवा की हे. मी म्हणालो, बाई, चूक माझी आहे, मुलगी निरोगी आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, चूक काल केलीत की आज, ते आम्ही कसं ओळखायचं? मग दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्या म्हणालो, तर म्हणाल्या, सून आणायची आहे हो, जुनी गाडी नाही, चार गॅरेज हिंडायला.

मुलीनं मुलाला विचारलं, तुला काय वाटतं? तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, आई म्हणते तेच.

लग्न मोडलं. पुढच्या दोन स्थळांनी फोनवर आधी रक्ताचंच विचारलं.

लॅबच्या मालकांनी मला काढलंही नाही. मी तिथंच बसून मोजतो, आधी शेपटी. गेल्या महिन्यात मुलीचे वडील आले, पहिल्या तपासणीचे पैसे परत द्या म्हणाले. तीनशे वीस होते. सुटे नव्हते, म्हणून माझ्या खिशातून साडेतीनशे दिले. त्यांनी ते मोजले, तीस रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, आमचं जेवढं आहे तेवढंच द्या.