मोदकचं मुसकं

आम्ही मूळचे जतकडचे. आमचं घर दोरखंडाचं. बा घायपातीचा वाख काढायचा, त्याचे दोर वळायचा, कासरे, दावी, शिंकी, आणि मळणीच्या दिवसांत बैलांची मुसकी. मुसकं म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची दोरीची जाळी, तुम्ही शहरातले म्हणून सांगतो. सहावीत होतो तेव्हा थोरला भाऊ ऊसतोडीला गेला आणि दोर वळताना दुसरं टोक धरायला कुणी राहिलं नाही, मग मी शाळा सोडली, ती सोडलीच. बा विणताना दोन गोष्टी कायम म्हणायचा. मुसकं घालतात ते बैल वाईट म्हणून नव्हे, त्याच्यासमोर दाणा असतो म्हणून. आणि पाण्यावर नेलं की मुसकं काढायचं, मुसक्यासकट जनावराला पाण्यापुढं उभं करणं पाप. त्या दुसऱ्या गोष्टीनं पुढं माझा घात केला, पण ते येईलच.

गावात नायलॉन आलं, ट्रॅक्टर आले, बैल गेले, मग मुसकी घेणार कोण. मेव्हण्यानं ठाण्याला आणलं, कोलशेतला. इथं कंपनीत माल चढवायचो उतरवायचो, ती कंपनी बंद पडली, त्याच जागेवर टॉवर उभे राहिले आणि मी त्याच गेटातून कुत्री फिरवायला आत जायला लागलो. गावाकडं हसतात, अरे दत्तू, कुत्र्याला फिरवायला माणूस लागतो व्हय? म्हटलं, लागतो, आणि लागतो म्हणून मी जेवतो.

कर्णिक बाईंचा मोदक मी चार वर्षं फिरवला. बाई आधी वर्तकनगरला राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. मुलानं इथं फ्लॅट घेऊन दिला, सोबतीला हे रॉटवायलरचं पिल्लू दिलं आणि तो परदेशी गेला. पिल्लू वाढून वासराएवढं झालं. नाव मात्र मोदक. सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका मला गेटावर गाठून म्हणायचे, काय रे दत्तू, तुझा मोदक उकडीचा की तळणीचा? सगळे हसायचे, मीही हसायचो. काय सांगू तुम्हाला, त्या बाईंनी माझ्या सविताला दहावीला रोज संध्याकाळी समोर बसवून गणित शिकवलं, आज ती नर्सिंगला आहे. बाईंच्या घरी मला कधी वेगळा कप नव्हता. हे उपकार फिटायचे नाहीत.

मग सरकारची ती यादी निघाली, ह्या ह्या जातीची कुत्री घातक, पाळायला नकोत, त्यात रॉटवायलरही. टीव्हीवर रोज तेच. यादी कोर्टात गेली, कुणी म्हणे रद्द झाली, कुणी म्हणे परत येणार, पण आमच्या सोसायटीत भांडण लागलं ते लागलंच. सावंतकाका म्हणायचे, माझी नात खाली खेळते, उद्या काही झालं तर यादी दाखवून काय उपयोग? बाई म्हणायच्या, जात नाही चावत, वाईट वागवलेलं कुत्रं चावतं. मला दोघांचंही पटायचं, त्यामुळं मी गप्प. शेवटी ठरलं, मोदक खाली येईल तो तोंडाला जाळी लावून.

दुकानातली आणली ती घट्ट, तोंड उघडेना, आणि कुत्र्याला उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकायला नको का? मी म्हटलं, बाई, थांबा. सुती दोरी आणली, मोदकच्या तोंडाचं माप धाग्यानं घेतलं आणि बा विणायचा तसं मुसकं विणलं, आतून मऊ, जबडा हलेल असं. चाळीस वर्षांनी हात चालला बघा. तोंडात बिस्किट सरकवायचो आणि वर मुसकं चढवायचो, चार दिवसांत मोदक मुसकं बघितलं की शेपटाचा कापून उरलेला तुकडा हलवायचा, कारण मुसकं म्हणजे फिरायला जाणं. सावंतकाकासुद्धा म्हणाले, हे झकास केलंस.

पण पाण्याचं काय? जनरेटरच्या मागं नळ आहे, तिथं रोज मी मुसकं काढायचो आणि वाडगं भरून ठेवायचो. नियमात बसत नव्हतं, मला माहीत होतं. पण बाचं बोलणं हाडात मुरलेलं, हात आपोआप गाठ सोडायचा.

त्या सकाळी मोदक वाडग्यात तोंड घालून पीत होता आणि एक चेंडू गडगडत वाडग्यापाशी आला. मागून ओवी, सावंतकाकांची नात, सात वर्षांची, धावत. मी घाबरलो, मागून त्याचा पट्टा खसकन ओढला, आणि मोदक गर्रकन वळला आणि माझा हात धरला. सोडला लगेच, पण दात रुतले. मी हात घातला नसता तर तो त्या पोरीला चावला असता, की चेंडू हुंगून परत पाणी प्यायला लागला असता, हे मला आजही सांगता येत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं.

ओवी चेंडू घेऊन पळाली. मी दवाखान्यात सांगितलं भटकं चावलं, इंजेक्शनं घेतली, आणि बाईंना सांगितलं पत्रा लागला. त्यांनी स्वतः हळद घालून दूध दिलं. ते मी तसंच पिऊन टाकलं.

दोन दिवसांनी ओवी आली, हळूच म्हणते, काका, मी कोणालाच नाही सांगितलं हां. आणि मी काही बोलायच्या आत तिनं मोदकच्या कपाळावर हात ठेवला. आधी लांबून बघायची ती पोर. मुसकं होतं म्हणून बरं. म्हटलं, अरे दत्तू, तू गप्प बसलास, पोरीला वाटलं एवढं काही झालंच नाही, आणि तिची भीती गेली.

रविवारी मीटिंग होती, मोदकचा कायमचा निकाल लावायला. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, दत्तूला विचारा ना, चार वर्षं तो सांभाळतोय, त्याला विचारा कधी साधा गुरगुरला तरी का. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हातावरची पट्टी सोडली आणि म्हटलं, चावला, मला. पण मुसकं मीच काढलेलं, आणि पीत असताना मीच ओढला. आणि ओवी तिथं होती.

पुढचं अर्धं कुणी ऐकलं, अर्धं कुणी. एक म्हणाला, बघा, जातच तशी. दुसरी म्हणाली, बघा, चूक माणसाचीच. सावंतकाका खाली बसले. बाई उठल्या, म्हणाल्या, नियमानं तुम्ही त्याला काढू शकत नाही हे मला माहीत आहे, पण उद्या ती मुलगी लिफ्टमध्ये भेटली तर मी तिच्याकडे बघू कशी? मी पाठवते त्याला. मतदान झालंच नाही.

वर गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, मला आधी का नाही सांगितलंस रे? रागावले असते म्हणून? म्हटलं, रागाची भीती नव्हती बाई, तुम्ही बोलणं सोडाल ह्याची होती. त्यांनी चहा टाकला. रोजचाच कप दिला. बोलल्या मात्र नाहीत, कपबशी विसळून होईपर्यंत.

आता मोदक मुरबाड रोडला एका केनेलात आहे. बाईंचे गुडघे चालत नाहीत, म्हणून रविवारी मीच जातो, कल्याणला उतरून एसटीनं, बाई दहीभात डब्यात देतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केनेलवाला म्हणाला, तुजा कुत्रा दोन दिस जेवलाच नाय रं, दाराकडंच बघतो. आता जेवतो. सावंतकाका कधी गेटावर दिसले तर विचारतात, कसा आहे रे तो? मस्करी करत नाहीत.

मी नवं मुसकं विणलंय, पुढून मोकळं, पाणी पिता येईल असं, काढायलाच नको. पिशवीतनं ते बाहेर काढलं की मोदक पुढं येतो आणि आपणहून नाक आत घालतो, मग मान वर करून उभा राहतो, गाठ मार म्हणून. त्याला वाटतं आपण घरी निघालो. गाठ मी सावकाश मारतो, तो हलत नाही. देव बाईंना सुखी ठेवो, त्या पोरीला ठेवो, ह्यालाही ठेवो. मी केलं ते बरोबर का चूक, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच ठरवा.